एकाच बाजूने मोजलेली जाडी

वसई पूर्वेला गोखिवरे, सातिवली, वालीव, गोलानी नाका या पट्ट्यात पत्रा हा कच्चा माल आहे आणि पत्र्याची जाडी हा रोजचा वाद. कंट्रोल पॅनेलचे बॉक्स, हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली टेबलं, औषध कारखान्यांच्या टाक्या, ब्लोअरच्या बॉड्या अशा सगळ्या जॉबची सुरुवात आठ बाय चार फुटांच्या पत्र्यापासून होते. चालानावर ‘१८ गेज’ लिहिलेलं असतं, मायक्रोमीटर १.१२ मिमी दाखवतो आणि माल देणारा म्हणतो, कडेला माल पातळच असतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. रोलमधून लाटलेला पत्रा मधोमध किंचित जाड आणि कडांना पातळ उतरतो. नेहमीचा मायक्रोमीटर मात्र कडेपासून दोन-तीन सेंटीमीटरपलीकडे पोहोचतच नाही. म्हणजे आपण नेमकी तीच जागा मोजतो, जी पत्र्याचं सरासरी चित्र सगळ्यात कमी दाखवते.

गेजचा आकडा तर वेगळंच प्रकरण. ब्रिटिश एसडब्ल्यूजी पद्धतीत १८ गेज म्हणजे १.२२ मिमी. अलोह धातूंसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पद्धतीत तोच आकडा १.०२ मिमी होतो. वजनाने तपासायचं म्हटलं तर १.२ मिमीचा आठ बाय चारचा स्टेनलेस पत्रा २८ किलोंच्या थोडा वर भरतो आणि १.१ मिमीचा सुमारे २६ किलो. काट्यावर घेतला तर पातळ पत्र्यात खरेदीदाराचं पैशात नुकसान नाही, ताकदीत आहे. गणिती वजनावर, म्हणजे नगावर घेतला, तर दोन्हीत आहे. आणि एकदा त्या पत्र्याची टाकी झाली, आतून बंद झाली, रंग चढला, की काटाही गेला आणि मायक्रोमीटरही.

उरतात ती एका बाजूने टेकवून जाडी सांगणारी उपकरणं. अल्ट्रासॉनिक गेज सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या शेजारी गेली काही दशकं एडी करंट पद्धत उभी आहे. तिला प्रोबखाली जेल लागत नाही, रंग खरवडावा लागत नाही, चालत्या पत्र्यावरही ती चालते असं तिचे पुरस्कर्ते सांगतात. तपासणीच्या धंद्यातली बरीच माणसं मात्र ती भेगा शोधायला घेतात आणि जाडीसाठी तिच्यावर विसंबत नाहीत. दोन्ही बाजूंकडे सबळ कारणं आहेत. ती कारणं कोणती आणि वाद आज कुठे येऊन थांबला आहे, हे पाहू.

मागची वाट

१८२४ मध्ये पॅरिसमध्ये फ्रांस्वा आरागोने दाखवलं की तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्या मागे ओढली जाते. तांबं चुंबकीय नसताना असं का व्हावं, याचा उलगडा १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने झाला. १८५५ मध्ये लिओं फुकोने चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारी तांब्याची चकती जड होते आणि तापते हे दाखवलं. म्हणून काही देशांत धातूत उठणाऱ्या या एडी करंटना अजूनही फुकोचे प्रवाह म्हणतात.

मापनाच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १८७९. त्या वर्षी डेव्हिड ह्यूजने दोन जोड कॉइल समतोल राखून बसवल्या, एका जोडीत धातूचा तुकडा ठेवला आणि समतोल किती बिघडतो ते टेलिफोनच्या आवाजावरून ऐकलं. वेगवेगळे धातू त्याला वेगळे ओळखता आले, हिणकस नाणंही कळलं. पण त्या आवाजात धातूची जात, आकार, जाडी, अंतर हे सगळं एकत्र येत होतं. दोन वर्षांनी अलेक्झांडर ग्रॅहम बेलने याच धर्तीचं उपकरण घेऊन जखमी अमेरिकी अध्यक्ष गारफील्डच्या शरीरातली गोळी शोधण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि त्याचं खापर बऱ्याचदा गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांवर फोडलं जातं. नको असलेला धातू जवळ असला की काय होतं, याचा धडा एवढ्या लवकर मिळूनही शॉप-फ्लोअरवर आजही लोखंडी टेबलावर ठेवूनच पत्रा मोजला जातो, हे पाहून हसू येतं.

एकाच संकेतात अनेक कारणं मिसळण्याचा हा गोंधळ शास्त्रशुद्ध रीतीने सोडवला तो जर्मनीत फ्रीड्रिख फ्योर्स्टरने. स्टुटगार्टच्या धातुसंशोधन संस्थेत १९३० च्या दशकात त्याने काम सुरू केलं आणि १९४८ मध्ये रॉइटलिंगेनला स्वतःची संस्था काढली. कॉइलच्या प्रतिसादाचे दोन घटक दोन अक्षांवर काढायचे आणि प्रत्येक कारण त्या प्रतलात कोणत्या दिशेला बिंदू सरकवतं ते बघायचं, ही त्याची रीत. आजच्या बहुतेक एडी करंट उपकरणांच्या पडद्यावर तीच आकृती दिसते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या डॉड आणि डीड्स यांनी थर असलेल्या धातूवरच्या कॉइलचं नेमकं गणिती उत्तर मांडलं. जाडी टाका, वाहकता टाका, अंतर टाका, कॉइलचा प्रतिसाद मिळतो. आता प्रश्न उलटा झाला: प्रतिसाद हातात आहे, त्यातून जाडी कशी काढायची?

आत काय घडतं

कॉइलमधून उलटसुलट प्रवाह सोडला की भोवतालचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं आणि जवळच्या धातूत वर्तुळाकार प्रवाह उठतात. हे प्रवाह स्वतःचं क्षेत्र तयार करून मूळ क्षेत्राला विरोध करतात. त्यामुळे कॉइलचा इम्पिडन्स, म्हणजे उलटसुलट प्रवाहाला होणारा तिचा विरोध, बदलतो. उपकरण प्रत्यक्षात फक्त हा बदल मोजतं. पडद्यावर मिलिमीटरमध्ये येणारा आकडा हे त्यावरून काढलेलं अनुमान असतं.

हे प्रवाह पृष्ठभागाशी दाट असतात आणि खोल जाताना विरळ होतात. ज्या खोलीवर ते पृष्ठभागाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतात तिला स्किन डेप्थ म्हणतात. फ्रिक्वेन्सी, वाहकता आणि चुंबकीय पारगम्यता यांपैकी काहीही वाढलं की ती घटते. तांब्यात ५० हर्ट्झला ती ९.३ मिमी असते. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये १ किलोहर्ट्झला २.७ मिमीच्या आसपास. ३०४ स्टेनलेसमध्ये १० किलोहर्ट्झलाही सव्वाचार मिमी, कारण स्टेनलेसची वाहकता तांब्याच्या अडीच टक्के इतकीच आहे. आणि साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील? पारगम्यता २०० धरली तर १ किलोहर्ट्झला अर्धा मिमीसुद्धा नाही. तीन स्किन डेप्थच्या खाली प्रवाह पाच टक्क्यांवर येतात. पत्रा त्याहून जाड असेल तर त्याची मागची बाजू कॉइलच्या लेखी नसतेच.

पत्रा स्किन डेप्थच्या मानाने पातळ असला तर मागच्या बाजूचा परिणाम स्पष्ट येतो, पण तिथे खरी मेख आहे. पातळ पत्र्यात संकेत एकट्या जाडीवर ठरत नाही. तो वाहकता आणि जाडी यांच्या गुणाकारावर ठरतो. प्रमाण तांब्याची वाहकता १०० धरतात, हे माप १९१३ मध्ये ठरलं. त्या मापावर ११०० जातीचं ॲल्युमिनियम ५९ च्या आसपास आणि ५०५२ जातीचं ३५ च्या आसपास. म्हणजे ५०५२ वर बसवलेला गेज ११०० च्या एक मिमी पत्र्यावर ठेवला तर तो जवळपास १.७ मिमी सांगेल, आणि त्यात यंत्राचा काहीच दोष नसेल.

तापमानाचंही तसंच. ॲल्युमिनियमचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. एसी खोलीत २५ अंशांवर यंत्र लावलं आणि मे महिन्यात सिमेंट-पत्र्याच्या छपराखाली ५० अंशांवर तापलेल्या थप्पीवर नेलं, तर फक्त उन्हापायी जाडी दहा टक्क्यांनी कमी वाचली जाईल. स्टेनलेसमध्ये हाच फरक अडीच टक्क्यांच्या आसपास राहतो.

तिसरा घटक कॉइल आणि धातू यांच्यातलं अंतर, ज्याला सगळे लिफ्ट-ऑफ म्हणतात. वसईत एडी करंटशी सर्वाधिक लोकांची गाठ याच रूपात पडते, नाव माहीत नसताना. पावडर कोटिंगच्या शेडमध्ये ६०-८० मायक्रॉन आहे का हे बघायला जो मायक्रॉन मीटर टेकवतात, तो लोखंडावर चुंबकीय पद्धतीने चालतो आणि ॲल्युमिनियमवर एडी करंटने. तिथे लिफ्ट-ऑफ हाच संकेत आहे, कारण रंगाची जाडी म्हणजेच अंतर. मीटरच्या माहितीपत्रकात मूळ धातूची किमान जाडी दिलेली असते. पत्रा त्याहून पातळ असेल तर रंगाचं माप बिघडतं. म्हणजे तिथे पत्र्याची जाडी हा अडथळा, आणि पत्र्याची जाडी मोजायची झाली की रंग हा अडथळा. ‘मीटर आहे की आपल्याकडे, त्यानेच पत्रा बघू’ असं म्हणणारे भेटतात. तो मीटर पत्रा बघत नाही.

जमतं असं म्हणणाऱ्यांची बाजू

एडी करंटने जाडी मोजता येते असं म्हणणाऱ्यांची बाजू सगळ्यात भक्कम आहे ती अचुंबकीय, पातळ आणि ओळखीच्या धातूंमध्ये. ॲल्युमिनियमचा पत्रा लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये पट्टा प्रचंड वेगाने धावत असतो. त्याला स्पर्श करणं अशक्य. तिथे परंपरेने एक्स-रे किंवा किरणोत्सारी स्रोत वापरतात. अमेरिशियम-२४१ हा त्यातला नेहमीचा, अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षं. किरण पट्ट्यातून आरपार किती गेले यावरून जाडी कळते. ही पद्धत वेगवान आहे, पण मिश्रधातू बदलला की तिलाही दुरुस्ती द्यावी लागते. शिवाय तेलाचा थर, वाफ, धूर यांतूनही किरण शोषले जातात. आणि स्रोत बाळगायचा म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, नोंदी, प्रशिक्षित माणूस आणि शेवटी विल्हेवाट. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये भंगारात गेलेल्या कोबाल्ट-६० मुळे काय झालं ते आठवलं की हा शेवटचा मुद्दा कागदी वाटत नाही. तो स्रोत जाडी मोजणाऱ्या गेजचा नव्हता, प्रयोगशाळेतला होता. पण भंगारवाल्याला दोन्ही सारखेच.

याला पर्याय म्हणून एबीबी कंपनीने ॲल्युमिनियम आणि इतर अलोह पट्ट्यांसाठी पल्स्ड एडी करंटचा गेज आणला. एका फ्रिक्वेन्सीऐवजी प्रवाहाचा झटका द्यायचा, तो एकदम तोडायचा आणि धातूतले प्रवाह विरताना येणारा संकेत वेगवेगळ्या क्षणी वाचायचा. सुरुवातीच्या क्षणांत अंतराची माहिती जास्त असते, पुढे वाहकतेची, मग जाडीची. अशा रीतीने तीन अज्ञात एकाच मापनातून सुटे होतात. मिश्रधातू बदलला तरी हाताने दुरुस्ती द्यावी लागत नाही, हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा.

दुसरी वाट अनेक फ्रिक्वेन्सींची. मँचेस्टरच्या वुलियांग यिन आणि अँथनी पेटन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात फ्रिक्वेन्सी बदलत नेली आणि प्रतिसादाचा एक घटक कुठे शिखर गाठतो ते पाहिलं. अचुंबकीय पत्र्यात हे शिखर जाडीनुसार सरकतं आणि लिफ्ट-ऑफचा त्यावर परिणाम तुलनेने कमी होतो. जाडी वाढली की शिखर खालच्या फ्रिक्वेन्सीला येतं. रंगाचा थर असो वा प्रोब किंचित उचललेला असो, उत्तर फार हलत नाही. मात्र वाहकता माहीत असावी लागते, किंवा त्याच मालाचा ज्ञात जाडीचा तुकडा हाताशी असावा लागतो.

पत्र्याच्या दोन्ही बाजूंना कॉइल ठेवता आल्या तर काम आणखी सोपं होतं. पत्रा थोडा वर-खाली झाला तरी एकीकडचं वाढलेलं अंतर दुसरीकडे भरून निघतं. प्रेस शॉपमध्ये डायखाली एका वेळी दोन पत्रे चिकटून जाऊ नयेत म्हणून जे सेन्सर बसवतात त्यांच्यात हीच मांडणी असते. तेलाने चिकटलेले दोन पत्रे एकदम आत गेले की डाय गेली. तिथे १.१२ की १.२२ हा प्रश्नच नाही, ‘एक की दोन’ एवढंच विचारलेलं असतं, आणि तेवढ्याला एडी करंट बिनचूक पुरतो. माझ्या मते या पद्धतीबद्दलचा निम्मा वाद इथेच मिटतो. किती अचूकता हवी ते आधी ठरवलं तर बऱ्याच जागी दोन्ही पक्षांत मतभेद उरत नाही.

अल्ट्रासाउंडची बाजू

ज्यांचं रोजचं काम टाक्या, पाइप आणि जाड प्लेटचं आहे ते विचारतात: अल्ट्रासॉनिक गेज असताना हा खटाटोप कशाला? ध्वनी धातूतून जातो, मागच्या बाजूवर आपटून परत येतो, वेळ मोजला, वेगाने गुणलं, निम्मं केलं, झाली जाडी. पारगम्यता नाही, वाहकता नाही. पोलादात वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर, आणि तो एका एमएस प्लेटहून दुसऱ्या प्लेटमध्ये फार बदलत नाही. रंगावरूनही मोजता येतं, पहिल्या आणि दुसऱ्या परावर्तनामधला वेळ धरला की रंग वजा होतो. सहा, आठ, वीस मिमीच्या एमएस प्लेटवर ही बाजू निर्विवाद जिंकते.

तिच्याही मर्यादा आहेत आणि त्या वसईच्या मालातच जास्त दिसतात. तांब्यात ध्वनीचा वेग सुमारे ४,७०० मीटर. पोलादावर लावलेला गेज तसाच तांब्यावर टेकवला तर २ मिमी चक्क अडीच दिसतो. म्हणजे इथेही मालाची ओळख लागतेच, फक्त चूक छोटी असते. दुसरं म्हणजे पातळ पत्रा. साध्या दुहेरी क्रिस्टलच्या प्रोबला एक मिमीच्या खाली पहिलं परावर्तन वेगळं पकडता येत नाही. मग तो दुसरं परावर्तन पकडतो आणि ०.८ चा पत्रा १.६ दाखवतो. आकडा स्थिर येतो, चार ठिकाणी सारखाच येतो, म्हणून नवखा माणूस फसतो. बारीक प्रोब आणि जास्त फ्रिक्वेन्सीने हे टाळता येतं, पण गाळ्यात बहुधा एकच प्रोब असतो. खरबरीत, गंजलेल्या पृष्ठभागावर जेल लावूनही संपर्क नीट होत नाही आणि गरम पाइपवर वेगळा प्रोब लागतो.

थोडक्यात, एक मिमीच्या आतला स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा ही एडी करंटची हद्द, तीन मिमीच्या वरचं एमएस ही अल्ट्रासाउंडची. मधल्या पट्ट्यात दोघांचा झगडा आहे.

लोखंडाचा पेच

एमएस पत्र्यावर एडी करंट अडखळतो त्याचं कारण पारगम्यता. ती शंभर असेल, तीनशे असेल. लाटण्याची दिशा, कापताना-वाकवताना आलेला ताण, वेल्डिंगची उष्णता, क्रेनच्या चुंबकाने उचलल्यावर राहिलेलं चुंबकत्व, सगळ्यांनी ती बदलते. एकाच पत्र्याच्या दोन टोकांना वेगळी असते. स्किन डेप्थ तिच्यावर अवलंबून असल्यामुळे जाडीचा आकडा तिच्याबरोबर डोलतो.

यावर तीन तोडगे निघाले. पहिला, जोरदार चुंबकाने लोखंड संपृक्त करायचं म्हणजे त्याची पारगम्यता खाली येते. नळ्यांसाठी हे चालतं, मोठ्या प्लेटवर चुंबकाचं ओझं परवडत नाही. दुसरा रिमोट फील्डचा. १९५१ मध्ये मॅक्लीनच्या नावे त्याचं अमेरिकी पेटंट झालं आणि पुढे शेल कंपनीत श्मिटने तो तेलविहिरींच्या नळ्यांसाठी घडवला. देणारी आणि घेणारी कॉइल नळीच्या व्यासाच्या दोन-तीन पट दूर ठेवायच्या. क्षेत्र नळीच्या भिंतीतून बाहेर जातं, बाहेरून पुढे सरकतं आणि पुन्हा भिंतीतून आत येतं. दोनदा भिंत ओलांडल्यामुळे संकेतात भिंतीच्या जाडीची माहिती थेट असते आणि लिफ्ट-ऑफची कटकट कमी होते. कार्बन स्टीलच्या हीट एक्स्चेंजर नळ्यांसाठी ही पद्धत आज रुळलेली आहे.

तिसरा तोडगा पुन्हा पल्सचा, पण मोठ्या झटक्याचा आणि संथ. रॉटरडॅमच्या आरटीडी कंपनीने इन्कोटेस्ट या नावाने तो बाजारात आणला. पाइपवरचं इन्सुलेशन आणि त्यावरचं पत्र्याचं आवरण न काढता खालच्या लोखंडाची जाडी बघता येते. प्रवाह विरायला लागणारा वेळ वाहकता, पारगम्यता आणि जाडीचा वर्ग यांच्या प्रमाणात असतो. भिंत निम्मी झाली तर वेळ पावपट. म्हणून जाडीतला फरक ठळक दिसतो. बोईसर-तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत, जिथे पावसाळ्यात आवरणाच्या फटीतून पाणी इन्सुलेशनमध्ये झिरपतं आणि पाइप आतल्या आत कुजतो, तिथे याची गरज पटवून द्यावी लागत नाही. आयएसओ २०६६९ हे मानक २०१७ मध्ये याच पद्धतीसाठी आलं.

या पद्धतीचे टीकाकार दोन गोष्टींवर बोट ठेवतात. मिळणारा आकडा मिलिमीटरमध्ये नसतो. त्याच पाइपच्या एका ‘चांगल्या’ जागेच्या तुलनेत तो टक्क्यांमध्ये असतो, आणि ती चांगली जागा खरंच चांगली आहे हे कोणीतरी आधी सांगावं लागतं. दुसरं, तो एका मोठ्या ठिपक्यावरची सरासरी असतो. समजा प्रोबचा ठिपका १०० मिमी व्यासाचा आहे आणि त्यात २० मिमीचा खड्डा पडून भिंत निम्मी झाली आहे. खड्ड्याचं क्षेत्रफळ ठिपक्याच्या चार टक्के, त्यामुळे सरासरी घट जेमतेम दोन टक्के. पडद्यावर ती दिसणारही नाही. इन्सुलेशन जाड असेल तर ठिपका आणखी पसरतो. समर्थकांचं उत्तर असं की ही चाळणी आहे. किलोमीटरभर पाइपांतून संशयाची दहा ठिकाणं काढून द्यायची, तिथे इन्सुलेशन सोलून अल्ट्रासाउंड लावायचा. हे उत्तर मला मान्य होण्यासारखं वाटतं, पण पसरट गंजापुरतंच. खड्डे पाडणाऱ्या गंजावर या चाळणीची भोकं फार मोठी आहेत.

तारापूरची जोडी

एडी करंटचा सगळ्यात काटेकोर वापर पाहायचा तर जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. तिसरं आणि चौथं, प्रत्येकी ५४० मेगावॉटचं, २००५-०६ मध्ये आली आणि ती जड पाण्यावर चालणारी आहेत. त्यांत इंधन आडव्या दाबनळ्यांमध्ये असतं आणि प्रत्येक दाबनळी एका मोठ्या कॅलँड्रिया नळीच्या आत बसते. दोघींमधली पोकळी स्प्रिंगांच्या कड्यांनी राखलेली असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि किरणोत्साराने दाबनळी खाली झोळते. ती बाहेरच्या थंड नळीला टेकली तर त्या जागी हायड्रोजन गोळा होऊन धातू ठिसूळ होऊ शकतो. म्हणून ती पोकळी किती उरली आहे हे आतून मोजावं लागतं.

भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा नळ्यांच्या तपासणीसाठी बार्सिस ही प्रणाली तयार केली. तिच्यात एडी करंट आणि अल्ट्रासाउंड दोन्ही एकाच हेडवर असतात. एडी करंट कडी कुठे आहेत आणि पोकळी किती आहे ते बघतो, पण त्याच्या संकेतात दाबनळीच्या भिंतीची जाडीही मिसळलेली असते. भिंत जाड-पातळ झाली तर पोकळी बदलल्यासारखी दिसते. ती जाडी अल्ट्रासाउंड वेगळी मोजून देतो आणि ती वजा केल्यावर पोकळीचं माप विश्वासार्ह होतं. ‘एडी की अल्ट्रा’ असा झगडा बाहेर रंगतो, तिथे आत दोन्ही पद्धती एकमेकींची अज्ञातं भरून काढतात. अर्थात तिथे नळीचा धातू, तिचा हीट नंबर (ती ज्या वितळणीतून आली तिचा क्रमांक), तिचा इतिहास सगळं कागदावर असतं. गोलानी नाक्यावरच्या पत्र्याला हे भाग्य नाही.

अजून न सुटलेलं

वसईच्या अंगाने पाहिलं तर पहिला अडथळा मालाची ओळख हाच आहे. पत्रा कळंबोलीहून किंवा कुंभारवाड्यातून येतो. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट कॉइलला असतं. कॉइल चिरली, पत्रे कापले, दोन-चार हात बदलले की हीट नंबर गळून जातो. ३०४ म्हणून आलेला माल कमी निकेल, जास्त मँगेनीजवाला २०० सिरीजचा निघू शकतो. त्यांच्या वाहकतेत काही टक्क्यांचा फरक असतो, म्हणजे १.२ मिमीवर शतांशाच्या दोन-चार घरांचा गोंधळ. ज्या फरकासाठी भांडण चाललेलं असतं, त्याचा बराच भाग यातच जातो.

स्टेनलेसची आणखी एक खोड आहे. ३०४ सपाट असताना चुंबकाला दाद देत नाही. सिंक किंवा डबा ओढून काढला की कोपऱ्यात आणि वाकाच्या जागी त्याचा काही भाग मार्टेन्साइट या चुंबकीय रूपात बदलतो आणि चुंबक चिकटायला लागतो. जाडी तपासायची असते ती तिथेच, कारण ओढताना पत्रा कोपऱ्यातच पातळ होतो. पत्रा पातळ झाल्याने संकेत एका दिशेला जातो आणि पारगम्यता वाढल्याने दुसऱ्या. एकाच फ्रिक्वेन्सीवर हे दोन सुटे करणं अवघड आहे. अनेक फ्रिक्वेन्सींनी पारगम्यता वेगळी काढण्याचे प्रयत्न संशोधनात चालू आहेत आणि सपाट नमुन्यांवर ते चांगले दिसतात. वाकलेल्या कोपऱ्याची वक्रता त्यात धरली की गणित पुन्हा बिकट होतं. आज खात्रीचा मार्ग एकच, नमुना कापून मायक्रोमीटर लावणं. त्यात डबा जातो.

प्रतिसादावरून जाडी काढण्याच्या उलट्या गणितात अलीकडे मशीन लर्निंगही आलं आहे. हजारो गणिती प्रतिसादांवर प्रशिक्षण देऊन यंत्राकडून थेट आकडा घ्यायचा. इथे मतं स्पष्ट दुभंगलेली आहेत. एक गट म्हणतो, गुंतागुंतीच्या आकारांवर डॉड-डीड्ससारखी नेमकी सूत्रं मिळणारच नाहीत, तेव्हा हाच मार्ग. दुसऱ्या गटाचा प्रश्न असा की प्रशिक्षणात नसलेला मिश्रधातू समोर आला तर यंत्र ‘ओळखत नाही’ असं म्हणेल की आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देईल?

माणसांचा प्रश्न त्याहून जुना. भारतात माल न तोडता चाचण्या करणाऱ्यांच्या पात्रतेसाठी आयएस १३८०५ हे मानक आहे. त्यातल्या लेव्हल टू पात्रतेचे बहुतेक तंत्रज्ञ वेल्डिंगच्या तपासणीकडे, म्हणजे रेडिओग्राफी, अल्ट्रासाउंड आणि डाय पेनिट्रंटकडे वळतात, कारण मागणी तिथे आहे. एडी करंटवाले मुख्यतः नळ्यांच्या तपासणीत मुरतात. पत्र्यावर जाडीसाठी प्रोब धरणारा माणूस त्यामुळे बहुधा स्टोअरचा असतो, उपकरण विकणाऱ्याने अर्धा तास शिकवलेला.

तुलनेसाठी लागणाऱ्या नमुन्यांच्या संचाचं तर अजून कोणी मनावर घेतलेलं नाही. ०.८, १.०, १.२, १.५ आणि २ मिमीचे, ३०४, ३१६, २०० सिरीज आणि दोन-तीन जातींच्या ॲल्युमिनियमचे तुकडे, मायक्रोमीटरने मोजलेले, रसायन तपासलेले आणि मालाच्याच शेडमध्ये, मालाच्याच तापमानाला ठेवलेले. एवढं असलं तर साध्या उपकरणावरही तुलना विश्वासार्ह होते. एका गाळ्याला हा खर्च जड आहे, वसाहतीतल्या पन्नास गाळ्यांनी मिळून केला तर किरकोळ. पण गेज विकत घेतला जातो एकेकट्याकडून, आणि त्याच्या डब्यात येतो तो एकच तुकडा, बहुतेकदा परदेशी मिश्रधातूचा.